पूल आणि पारडी

रविवार, ९ मार्च
दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? माझं बरं चाललंय. थंडी सरली की लोकरीचं दुकान पेंगतंच, त्यामुळे नात शाळेतून थेट इथे येते आणि काउंटरवर पुस्तकं पसरते. सातवीत तिला बीजगणित सुरू झालंय. त्यातलंच एक तुला विचारायचं आहे. घरात गणित तुझं. मी नुसती शेजारी बसून तुझ्या पेन्सिली तासायचे.

आपल्या शाळेतल्या गणिताच्या सिस्टर आठवतात ना? झग्यावर कायम भुकटी, म्हणून तू त्यांना खडूबाई म्हणायचीस. "बरोबरचं चिन्ह म्हणजे पूल. पूल ओलांडला की चिन्ह बदला!" मी ते जन्मभर जपलं आणि परवा मोठ्या दिमाखात नातीला शिकवलं. गणित साधंच, ३क्ष + २ = १४. तिने दोन पलीकडे नेऊन वजा केले, उरलं ३क्ष = १२. मग तीनही पलीकडे नेले, तेही वजा केले, आणि उत्तर काढलं नऊ.

"अगं, नवाची तिप्पट अधिक दोन म्हणजे एकोणतीस झाले!"

"तूच म्हणालीस ना, पूल ओलांडला की चिन्ह बदलायचं?"

"तिथे नाही गं. तिथे भागायचं."

"का?"

ताई, मी पुन्हा तेच म्हटलं, तिथे भागायचं.

"आजी, तुला हे येतं, की नुसतं पाठ आहे?"

आहे की नाही आगाऊ? अगदी तुझ्यावर गेली आहे.

मग मी लोकर तोलायचा जुना तराजू पुढे ओढला. कागदाच्या तीन पिशव्यांत तिच्या नकळत सारखी बटणं भरली. डाव्या पारड्यात पिशव्या आणि दोन सुटी बटणं, उजव्यात चौदा. तरी डावं खाली! माझं तोंड एवढंसं झालं. तिने मात्र तीन रिकाम्या पिशव्या घडी करून उजवीकडे ठेवल्या. काटा सरळ. पिशव्यांचंही वजन असतं, हे मला कुठे सुचलं होतं!

तिने डावीकडची दोन बटणं उचलली. डावं पारडं वर गेलं. मग उजवीकडचीही दोन उचलली. काटा पुन्हा सरळ. उरलेल्या बारांचे तीन सारखे ढीग केले, एकेका पिशवीसमोर एकेक. पिशवी फोडली तर आत चार.

"आजी, पूलबिल काही नाही. बटणं कुठे पलीकडे गेली? ती तर माझ्या मुठीत आहेत. दोन्हीकडून काढलीत."

तेव्हापासून ही मूठ डोळ्यांसमोरून हलत नाही.

आई गेली तेव्हा तुला येता आलं नाही. मी इथे होते, सगळं मी केलं, आणि मनाशी धरून बसले की गेलं ते माझ्याच पारड्यातून. तू पूल ओलांडून गेलीस, तुझं चिन्ह बदललं. मग आपली पत्रं वाढदिवसाच्या कार्डाएवढी झाली. ताई, मी तुला कधी विचारलंच नाही. आई गेल्याचं तुला कुणी सांगितलं? तेव्हा तू कुठे होतीस, स्वयंपाकघरात की कामावर? जवळ कुणी होतं का? की मग तू एकटीच जेवायला बसलीस?

मला खरंच जाणून घ्यायचं आहे. फोनवर नको, इथे येऊन सांग. मागची खोली मोकळी आहे, सकाळी ऊन येतं आणि एकही पायरी चढावी लागत नाही.

शिवाय नातीचा एक प्रश्न मोठ्या आजीसाठी राखून ठेवलाय. उत्तर उणे आलं, तर पिशवीत काय भरायचं? मी म्हटलं, ते ताईला ठाऊक असेल.

तराजू काउंटरवरच ठेवला आहे.

बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे बसलेली,
तुझी धाकटी