टॉवरवरची पट्टी आणि दोनशे किलोअँपिअर

३ नोव्हेंबर, बोगोर
आमच्या विभागप्रमुख बू रत्ना. त्यांनी आज मीटिंगमध्ये विचारलं, सहा महिन्यांत माझ्या पट्टीने एक तरी वीज मोजली का. म्हटलं, पट्टी तयार आहे, वीजच आळशी आहे. कोणी हसलं नाही. पंधरा तारखेला जकार्ताहून समिती येणार. तोवर आकडा नसेल तर प्रोजेक्ट बंद.
संकल्प : चिडायचं नाही.

६ नोव्हेंबर
पट्टी सुंदर झालीय. प्लास्टिकवर चुंबकीय थर, केसाहून कितीतरी पातळ. त्यात आधी खुणा भरायच्या आणि पट्टी टॉवरच्या टोकाशी, वीज उतरवणाऱ्या तारेला बांधायची. वीज पडली की खुणा पुसल्या जातात. जास्त पुसल्या, करंट मोठा. लहान मुलालाही कळेल.

९ नोव्हेंबर
वीज पडली. पलीकडच्या डोंगरावर.

११ नोव्हेंबर, दुपारी २.१०
ढग थेट डोक्यावर. आणि पट्टी पावसाने सुटून पडलेली. नवी बांधायलाच हवी. आमचा कांग एंकोस, म्हणजे एंकोसदादा, वीस वर्षं टॉवर चढतोय. म्हणाला, पाक युदी, उद्या सकाळी चढतो. मी सांगितलं, रडार बघितलंय, पंचवीस मिनिटं आहेत. तो आभाळाकडे बघत राहिला. मग पट्टी खिशात टाकून चढला. मी गाडीत. घाबरून नव्हे, लॅपटॉप भिजेल म्हणून.

२.४०
२.३१ ला पडली. टॉवरवरच. गाडी हादरली. कांग कुठेच दिसेना. एसी उगाच गार वाटला, बंद केला. मग तो चौकीदाराच्या खोपटातून बाहेर आला. अनुभवी माणूस, पटकन बांधून उतरला असणार.

५.००
मी फोनवर असतानाच कांगने पट्टी हातात दिली. काहीतरी सांगत होता. म्हटलं, नंतर.

१२ नोव्हेंबर
पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलेली. म्हणजे पट्टीची मर्यादा ओलांडून दोनशे किलोअँपिअरच्या वर! बू रत्ना म्हणाल्या, एवढ्या करंटने टॉवरवरचा दिवा तरी गेला असता. असूया, दुसरं काय.

१५ नोव्हेंबर
समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी कांगला विचारलं, पट्टी तारेपासून किती अंतरावर बांधली होती.
"बांधलीच नाही," तो म्हणाला. "अर्ध्यावर गेलो, अंगावरचे केस उभे राहिले, उतरलो. पट्टी खिशातच होती, नट उचलायच्या चुंबकाशेजारी. पाक युदींना सांगत होतो मी."
बाईंनी पेनाला टोपण लावलं. बू रत्ना मात्र माझ्याकडे बघत होत्या. २.१० ला चढवलं, २.३१ ला वीज. पंचवीस मिनिटं मी दिली होती.
"युदी, त्याने तुमचं ऐकलं असतं तर?"
मी म्हटलं, तर आकडा बरोबर आला असता.
कांगने टेबलावरची टोपी उचलली आणि तो बाहेर गेला.
मी काय बोललो ते मला आत्ता, लिहिताना, ऐकू आलं.