दुसऱ्या सॉकेटमधलं घर

आप्पा, झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं चादरीखाली असलेला तुमचा कॉम्प्युटर परवा चालू केला. आईला आडगावच्या प्लॉटवरच्या घराचा प्लॅन हवा होता.
२. तुमचा ड्रॉइंगचा प्रोग्राम आपोआप सुरू झाला, पण त्याची विंडो पडद्यावर कुठेच नव्हती.
३. मागे पाहिलं. तुम्ही शेवटी टाकलेल्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा फिरत होता. मॉनिटरची केबल मात्र मदरबोर्डच्या जुन्याच सॉकेटमध्ये होती.
४. केबल कार्डाला लावली. आडगावचं आपलं घर उघडलेलं होतं आणि प्रोग्राममधला कॅमेरा त्यातून चालत होता.

म्हणजे कार्ड आणलंत, पण त्याचं काम तुम्ही कधी पाहिलंच नाहीत. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजचं ड्रॉइंग फिरवताना एकेक भिंत सावकाश उमटायची आणि तुम्ही टेबलावर बोटं वाजवत बसायचात. "कार्ड टाकलं तरी रडतंय," तुम्ही फोनवर म्हणाला होतात. "मेन रोडचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, रॅम वाढवा. तो देवळात गेला तरी रॅमच मागेल." तेव्हा सगळा भार एकटा प्रोसेसर ओढत होता. खरं तर भिंत कुठे, एवढंच त्याने सांगायचं. तिचे ठिपके रंगवायला, सावली पाडायला कार्डात अनेक लहान हात असतात, सगळे एकदम चालणारे. ते तेव्हा रिकामे बसून होते; परवा मात्र कुणीच बघत नसलेल्या पडद्यासाठी रंगवत होते. आता घर सरकन फिरतं. पण कार्ड मनाचं काही काढत नाही. सांगितलं तेवढंच काढतं.

म्हणून विचारते. माप कळावं म्हणून प्रत्येक ड्रॉइंगमध्ये तुम्ही एक माणूस उभा करायचात. इथे तो स्वयंपाकघरात, मागच्या भिंतीकडे तोंड करून आहे. आई बघत राहिली, मग म्हणाली, "दार उघडायची वाट बघतायत."

"आई, तिथे दार नाहीये."

"मग ठेवायला सांग."

काल तो भिंतीच्या आणखी जवळ होता. फाइल शेवटची सेव्ह झाली ती तारीख तुमच्या हयातीतली आहे. मी कॅमेरा थांबवला. चित्र स्थिर असलं की कार्डाला काम उरत नाही, पंखा मंद व्हायला हवा. त्याचा आवाज वाढला.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, आई तुमच्या नावाची घागर भरेल आणि दुसऱ्या दिवशी गवंडी पायाची आखणी करतील. हे पत्र मी कुठे टाकणार नाही. केबलही अजून काढलेली नाही. मागच्या भिंतीत दार ठेवायचं की नाही, एवढं आखाजीच्या संध्याकाळपर्यंत कळवा.