मोरीतलं बिस्कीट

थोरल्या,

लेकीची साखर रोज फोनवर विचारतोस, बायकोचं कधी विचारलंस? पोरीला मधुमेह निघाल्यापासून घरात गोड आणायचं नाही, हा तुझा हुकूम. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, बाबा!

आज तुझी बायको मोरीत नळ सोडून चोरून बिस्कीट खात होती. पोर दार बडवायला लागली. "तुझी आई धुणं धुतेय," म्हणत मी तिला ओढून नेलं.

नंतर सुनेला म्हटलं, "दोन दिवस माहेरी जा. इंजेक्शन मी टोचीन."

"अहो आई, तुमचा हात कापतो."

खरंच कापतो. मग म्हटलं, "निदान खाताना बसून खा. बाहेर मी आहे."

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर तिचं तेवढंही बंद करशील.

तुझीच,
आई