परत दिलेली चिठ्ठी

म्झुझू, सोमवार

प्रिय चावा दादा,
प्रभूमध्ये तुला आणि वहिनीला सलाम.

येत्या रविवारी मी प्रभुभोजनाला बसणार नाही, हे काल आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, म्सिस्का घरी आले तेव्हा पक्कं झालं. घाबरू नकोस. तब्येत बरी आहे, शाळेतली नोकरीही नीट चालली आहे.

आपल्या गावासारखंच इथेही वडील आधी घरोघर येतात, "सगळ्यांशी समेट आहे ना?" म्हणून विचारतात आणि मगच प्रभुभोजनाला बसायची चिठ्ठी देतात. चार वर्षं मी सवयीने "हो" म्हणत आले. काल चिठ्ठी घेतली आणि परत दिली.

"पोरी, एवढा चढ चढून आलो, आणि आता नको म्हणतेस?" म्सिस्का म्हणाले.

मग त्यांना सांगितलं. आईला दवाखान्यात न्यायला तू होडी काढली नाहीस, म्हणून चार वर्षांपूर्वी तिच्या मयतीत सगळ्यांदेखत मी म्हणाले होते, तुला आईपेक्षा होडी प्यारी.

चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "आपण एकत्र बसतो ते देवाच्या गौरवासाठी. सख्ख्या भावाला बाहेर उभं करून कसला गौरव, बाई?"

दादा, त्या दिवशी सरोवरावर केवढा वारा होता, ते मी किनाऱ्यावरून पाहिलं होतं. तरी बोलले. माझं चुकलं.

वहिनीचा खोकला गेला का? कसाव्याचे कंद वाळले का?

इस्टरच्या आधी म्सिस्का पुन्हा येतील आणि तोच प्रश्न विचारतील. या वेळी उत्तर तुझ्याकडून यायचं आहे.

तुझीच,
तियेझगे