आईंचं कुंकू

आर. के. पुरम, दिल्ली
१२ जानेवारी २०२५

ती. स्वरूपावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागले की आई कान देतात, म्हणून पत्र. माझं अक्षर लागलं तर वाचा.

डॉक्टरांनी आईंना नवी गोळी दिलीय. आठवण धरून ठेवणारं रसायन त्यांच्या मेंदूत कमी पडतंय. आहे ते लवकर मोडू नये म्हणून ही गोळी. गेलेलं परत येणार नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. तरी काल त्यांनी आमच्या राजवीरला नावाने हाक मारली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, हे मात्र त्यांच्या गावी नाही. ते ऑफिसला गेलेत म्हणतात, ठसठशीत कुंकू लावतात आणि खुशीत असतात. ती खुशी मला मोडायची नाही.

दोन फेब्रुवारीला आपल्याकडे कॉलनीतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू आहे. आईंनाही बसवणार आहे. सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय.

तुमच्या धाकट्या भावाचा नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची
अलका


सातारा
२० जानेवारी २०२५

चि. सौ. अलकास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. अक्षर सुधारलंय, अक्कल नाही. गोळी लागू पडतेय तर आईला खरं सांगून टाक. तिची लेक मी आहे, मला हे नाटक बघवत नाही.

विधवेला कुंकू लावणारी आपल्याच कुंकवावर संकट ओढवून घेते, हे तुझ्या माहेरी कुणी शिकवलेलं दिसत नाही. सुधन्वाच्या छातीत मागच्या वर्षी दुखलं होतं ना? त्याला काही झालं तर मी तुला कधीच माफ करणार नाही. आईला त्या दिवशी आतल्या खोलीत टीव्ही लावून दे. तिला काय कळतंय.

आपली समजते म्हणून बोलते, राग धरू नकोस.

स्वरूपा


आर. के. पुरम, दिल्ली
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्वरूपावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी हसून बाजूला ठेवलं होतं. असलं मी मानत नाही, हेच सगळ्यांना सांगत होते.

आई हिरवी साडी नेसून बायकांत बसल्या. एकेकीला कुंकू लावत मी त्यांच्यापाशी आले. त्यांनी कपाळ पुढे केलं आणि मला यांचं छातीतलं दुखणं आठवलं. माझा हात थांबला, क्षणभरच. पण आईंनी जन्मभर हळदीकुंकू केलंय; हात कुणापुढे थांबतो, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी अगदी हळू विचारलं की सुधन्वाचे बाबा कधी गेले. मी घाईने कुंकू टेकवलं. ते त्यांनी पदराने पुसलं आणि सगळ्यांसमोर अशा रडल्या की मला लिहवत नाही.

वाटलं, सकाळी विसरतील. डॉक्टर म्हणाले, धक्क्याची आठवण मेंदूत खोल रुजते, कधीकधी तीच टिकते. राजवीरचं नाव पुन्हा गेलं. तुमचा फोटो दाखवला तर ही बाई कोण, असं विचारतात. बाबा गेले, एवढंच काय ते राहिलंय.

आता रोज सकाळी माझी अंघोळ झाली की आई मला समोर बसवतात. ओल्या पदराने माझं कुंकू पुसतात, डोक्यावरून हात फिरवतात आणि समजावतात की पोरी, आता हे लावायचं नाही, तुझा नवरा गेला. शेजारी यांचा चहा चाललेला असतो. मी पुसू देते.

गोळी चालू ठेवायची की बंद करायची, ते लेक म्हणून आता तुम्हीच कळवा.

लोभ आहे असं धरून चालते.

अलका