पांढऱ्यावर पांढरं

सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांना दवाखान्यातून घरी आणून आठवडा होत आला. पोटाचं ऑपरेशन चांगलं झालंय, आता सगळं ड्रेसिंगवर आहे, असं डॉक्टरांनी बजावलंय. एक दिवसाआड जुनी पट्टी काढायची, जखम पुसायची, नवी लावायची. मी सगळं शिकून घेतलं, पण हात कोण लावू देतंय! जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, एवढी पट्टी लावता येणार नाही का, म्हणतात आणि आतून कडी घालतात. बाहेर येतात तेव्हा पट्टी पांढरीशुभ्र. तुझ्या शिवणीपेक्षा सरळ कापलीय, असंही ऐकवतात.

जेवण मात्र कमी झालंय. शिवाय खोलीत टर्पेंटाइनचा डबा उघडा ठेवतात. कामाचा वास आला की बरं वाटतं, म्हणे. माझं डोकं उठतं.

हवं तर रागव, पण उत्तर लवकर पाठव.

तुझी धाकटी

गुरुवार

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना हसता हसता थांबले. अगं वेडाबाई, टर्पेंटाइनचा वास अण्णांना कधी आवडला? कामावरून आले की आधी बाहेर हात धुवायचे, आपल्याला डब्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. मग आता कुठला वास झाकताहेत?

मला आपल्या मागच्या खोलीची भिंत आठवते. ओल येऊन पिवळा डाग दिसायचा. गिऱ्हाइकांना सांगायचे, आधी खरवडा, वाळू द्या, मगच रंग. घरात मात्र डाग दिसला की वरून एक हात मारून मोकळे. शेवटी सगळा गिलावा खाली आला.

तू एवढंच कर. कचऱ्याच्या डब्यात काढलेल्या पट्ट्या सापडतात का, बघ. नसतील तर माझी वाट बघू नकोस, डॉक्टरांना घरी आण. मी रविवारी निघतेय. जिवाला घोर लागून राहिलाय.

माया आहेच, या वेळी हुकूमही समज.

ताई

शनिवार

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

तुझी बहीण कचऱ्याचा डबा उपसून माझ्यापुढे उभी राहिली. त्यात नुसती पट्ट्यांची रिकामी पाकिटं. रडून भांडली. ताई येईपर्यंत डॉक्टर नको, म्हणून मी तिला माझी शपथ घातली आहे.

तुझ्यापासून काय लपवू? जुनी पट्टी मी काढलीच नाही. पहिल्यांदा काढायला गेलो तर तिच्यावर डाग. डाग दिसला की डॉक्टर परत नेणार. तुमच्या आईला असंच टाके बघायला म्हणून परत नेलं होतं आणि मी तिच्या चपला पिशवीतून घरी आणल्या. मला भीती वाटते गं. म्हणून रोज वर एक नवी चढवतो. वरून छान दिसतं.

अंगात थोडी कणकण आहे, चालायचंच. सावकाश ये. आलीस की रागावू नकोस, जवळ बस.

अण्णा

रविवार, सकाळी

ताई,

नमस्कार घाईचा. शेजारचे ड्रायव्हरकाका गाडी घेऊन तुझ्याकडेच निघालेत, त्यांच्या हाती हे देतेय. त्याच गाडीने ये.

अण्णा तापाने फणफणलेत. मला आई समजून बोलतात. शपथ मोडून डॉक्टरांना निरोप धाडलाय, पण कालच का नाही धाडला! मी का ऐकलं त्यांचं?

वाट बघवेना, म्हणून हात धुऊन कात्री घेतली. वरच्या पट्ट्या कोऱ्या निघाल्या. अण्णा खूश झाले, बघ म्हणाले, आहे का कुठे डाग? मग पिवळ्या लागल्या. मग ओल्या. काका दाराशी थांबलेत म्हणून मध्येच उठून लिहितेय. कागद खराब झालाय, तो माझ्या बोटांनी.

अजून कापतेय, ताई. अजून कातडी लागत नाहीये.

तुझी धाकटी