झोपाळ्याच्या सळया

करंजाडे, पनवेल
६ ऑक्टोबर २०२५

ती. शशिकलाआत्यास,
कादंबरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला हे मोठ्याने बोलायचं नाही, म्हणून पत्र. ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’मध्ये मी नापास झाले. सळईला भार टांगला की ती किती ताणली जाते, तिच्यात किती ऊर्जा साठते, एवढंच होतं. भार एकदम सोडला तर काय होईल, असं विचारलं होतं. मी सवयीने भार निम्मा धरून मोकळी झाले.

बाबांना सांगितलेलं नाही. अँजिओप्लास्टी होऊन महिनाच झालाय, आणि सोसायटीत ते सगळ्यांना सांगतात की आमची मुलगी पूल बांधणार. त्यांना धक्का बसला तर? त्यापेक्षा कॉलेजच सोडावं म्हणते. तू पॉलिटेक्निकला हेच शिकवायचीस, तेव्हा रागावलीस तरी चालेल.

तुझा लोभ नापासांवरही असू दे.
तुझी कादंबरी

चिपळूण
१३ ऑक्टोबर २०२५

चि. कादंबरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावणारच होते, पण तुझं अक्षर इतकं सुधारलंय की राहून गेलं. तुमच्या हॉलमधला झोपाळा बघ. तुझ्या बाबांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निवडून आणलेल्या सळयांवर तो टांगलाय. त्यावर तू हळूहळू टेकलीस, की सळयांवरचा भार शून्यापासून वाढत जातो, म्हणून ऊर्जा काढताना तो निम्मा धरायचा. पण पाय उचलून एकदम अंग सोडलंस, तर पूर्ण भार पहिल्या क्षणापासून असतो आणि सळईतला ताण क्षणभर दुप्पट होतो. वजन तेच, बसणारीही तीच. चुकलीस ती एवढ्यातच.

आता बाबांचं. ही बातमी त्यांच्यावर सोडू नकोस, टेकव. आज विषय अवघड गेला म्हण, उद्या निकाल सांग, परवा फेरपरीक्षेचं बोल. कॉलेज सोडायचं मात्र सांगू नकोस, कारण ते तू करणार नाहीयेस.

विनूला पथ्य पाळायला सांग. माया आहेच, पत्रं लिहीत राहिलीस तर वाढेल.
तुझी आत्या

करंजाडे, पनवेल
२ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
विनायकचा सा. न. वि. वि.

कादंबरीचा पेपर काल झाला. एकदम सोडलेल्या भाराचाच प्रश्न आला होता म्हणे, हसत घरी आली. माझी तब्येत बरी आहे, लोणचं बंद आहे.

गंमत सांगतो. कॉलेजचा निकाल पालकांच्या मोबाइलवरही येतो, हे पोरगी विसरली होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. विचारावंसं फार वाटायचं, पण ती आधीच खचलेली, त्यात माझा प्रश्न तिला झेपेल का, म्हणून संध्याकाळी झोपाळ्यावर तिच्या शेजारी नुसता बसायचो. मग तिने थोडं थोडं करून सांगितलं, आणि मी दर वेळी नव्याने ऐकल्यासारखा चेहरा केला. शेवटी ती रडली. मी म्हटलं, पुलाला घाई नाही. मग तिने मला तुझं पत्र दाखवलं.

ते वाचून वडील गेले तो दिवस आठवला. मला न्यायला तू मुंबईला हॉस्टेलवर आलीस. एसटीत बसल्यावर म्हणालीस की ते आजारी आहेत, महाडला मला जेवू घातलंस आणि कशेडी घाट उतरल्यावर खरं सांगितलंस. ताई, हॉस्टेलच्या दारात तुझा चेहरा पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. पण तू सावकाश सांगत होतीस, म्हणून घरी पोचेपर्यंत मी मोडलो नाही.

इतक्या वर्षांत तुझे आभार मानायचे राहून गेले. ते आज एकदम तुझ्यावर सोडतोय, सांभाळून घे.

तुझा विनू